देवणीचे मालक

माझा भाचा परवा नांदेडला आला तो मोबाईल हातात धरूनच आला. बँकेत लागलाय, पगार बरा आहे, आता त्याला लातुरात फ्लॅट घेऊन भाड्यानं द्यायचाय. मोबाईलमधला कोणी टाय बांधलेला गडी त्याला रोज शिकवतो म्हणे, की घर कुठं घ्यावं, भाडेकरू कसा पारखावा, अ‍ॅडव्हान्स किती घ्यावा. मला म्हणाला, "आत्या, तुझ्या वरच्या खोल्या इतकी वर्षं भाड्यानं हायत. तू पण सांग की काहीतरी."

सांगते की. माझं काय जातंय. आधी पाणी बघ, मग भिंती बघ. लातुरात घर घेणार असशील तर बोअर उन्हाळ्यात चालतो का ते शेजाऱ्याला विचार, विकणाऱ्याला विचारू नको, तो तुला गोदावरीच दाखवील. विजेचं मीटर प्रत्येकाला वेगळं घे, नाहीतर कोणाचा पंखा जास्त फिरला यावरून बायका वर्षभर भांडतात आणि निवाडा करायला तुला बोलावतात. भाडं महिन्याच्या सुरुवातीला घे, शेवटाला माणसाच्या हातात काही राहत नाही. सोयऱ्याला खोली देऊ नको. आणि सगळ्यात आधी दारावर स्वतःच्या नावाची पाटी लाव. घर नंतर बांधलंस तरी चालेल.

तो हसला. म्हणाला, "पाटीचं काय एवढं, आत्या?"

मला राग आला. मला राग लवकर येतो, ते सगळ्या खानदानाला माहीत आहे. म्हणलं, तो मोबाईल पालथा ठेव आणि खाली बस. धोंडाबाईचं नाव ऐकलंस का कधी? नव्हतं ऐकलं. तुझ्या बापाची सख्खी मावशी, माझी मावशी, लातूरच्या नव्या वस्तीत पहिल्यांदा भाड्याच्या खोल्या बांधणारी बाई, आणि घरातल्या पोराला तिचं नावसुद्धा ठाऊक नाही. त्या टायवाल्याचं मात्र नाव, गाव, सगळं पाठ.

मग ऐक.

धोंडाबाई देवणीकडच्या एका खेड्यातली. नवरा लवकर गेला, पोटी काही नाही. बहात्तरच्या दुष्काळात ती रस्त्याच्या कामावर खडी फोडायला होती. तिथं अमृतराव म्हणून एक मुकादम होता. बायांचे खडीचे ढीग मोजताना टेप अशी धरायचा की ढीग नेहमी कमीच भरायचा. बोलताना बाईच्या तोंडाकडं बघायचा नाही, वरून कुठंतरी बघून बोलायचा. हे नाव ध्यानात ठेव, पुढं लागणार आहे.

दुष्काळ सरल्यावर मावशी लातूरला आली आणि दाळमिलात लागली. निवडायचं, पाखडायचं, पोती शिवायची. अंगाला कायम तुरीच्या भुश्शाचा वास. एका वेळचं खाल्लं, चांगलं लुगडं कधी नेसली नाही, आणि नाल्यापलीकडं, जिथं नुसत्या बाभळी होत्या, तिथं एक प्लॉट घेतला. रीतसर रजिस्ट्री करून, स्वतःच्या नावावर. दाळमिलातल्या बायांनी तिला येड्यात काढलं. मसणवट्याच्या वाटेला राहायला कोण जाणार म्हणल्या. मावशी म्हणाली, "मी जाते की."

ब्याऐंशी साली उस्मानाबादेतून तोडून लातूर जिल्हा झाला. कचेऱ्या आल्या. कचेऱ्यांमागं साहेब आले, साहेबांमागं कारकून, कारकुनांमागं त्यांची बायकापोरं, भांडीकुंडी. गावात खोली मिळेना. लोक जनावरांचे गोठे शेणानं सारवून भाड्यानं देऊन राहिले होते. मावशीच्या बाभळींपर्यंत गाव आपल्या पायांनी चालत आलं. तोवर तिनं दगडमातीच्या चार खोल्या ओळीनं काढल्या होत्या. वर पत्रे, पुढं लांब ओसरी, मागं स्वतःपुरती एक खोली. अंगणात बोअर मारून हापसा बसवला. ज्या दिवशी हापशाला पाणी लागलं त्या दिवशी ती मला बोलवायला थेट दवाखान्यात आली. मी सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून नुकतीच लागले होते आणि तिच्यापाशीच राहत होते. ड्यूटी टाकून चल म्हणाली. मी वॉर्डातच तिच्यावर ओरडले. पण गेले. पाणी लई गोड होतं.

ओसरीवर मधोमध तिनं एक दणकट खिळा ठोकून घेतला आणि त्यावर बाबासाहेबांचा फोटो लावला. म्हणायची, "येनारानं पयलं हे बघावं."

येणारानं पहिलं तेच बघितलं. कारकून यायचे, खोल्या त्यांना आवडायच्या, बायका चूल कुठं मांडायची ते ठरवायलाही लागायच्या. मग नजर खिळ्याकडं जायची. "घर कोणाचं म्हणालात?" मावशी ताठ उभी राहून सांगायची, "माझंच हाय." मग त्या माणसाला एकदम काहीतरी काम आठवायचं. "घरी विचारून सांगतो," म्हणायचा आणि जायचा. बायको शेजारीच उभी असायची, तरी घरी विचारून सांगतो. आपल्या लोकांनी छप्पन्न साली देव सोडले, गावकीची कामं सोडली, पण ह्या लोकांनी आपल्याला काही सोडलं नाही. सगळं गाव खोलीसाठी वणवण करत होतं आणि मावशीच्या चार खोल्यांत चिमण्या राहत होत्या.

मी म्हणलं, आपल्या लोकांना दे. पण आपले नोकरदार तेव्हा थोडे, आणि जे बदलून आले होते त्यांना गावात, आडनाव झाकून राहता येईल अशी जागा हवी होती. त्यांचं दुखणं त्यांना ठाऊक, मी नावं ठेवत नाही.

एक दिवस मावशीनं काच पुसायला फोटो खाली उतरवून आत नेला होता आणि ती अंगण झाडत होती. तेवढ्यात एक बाई आली. पार्वतीबाई तिचं नाव. नवरा नरसिंगराव ट्रेझरीत कारकून. दिवस भरत आलेले, पाय सुजलेले, आणि धर्मशाळेत राहून बेजार झालेली. तिनं हातात झाडू बघितला आणि विचारलं, "बाई, ह्या घराचे मालक कुठं असतात?"

मावशीनं तिच्या पोटाकडं बघितलं, सुजलेल्या पायांकडं बघितलं. म्हणाली, "मालक देवणीला असतेत."

"नाव काय त्यांचं?"

"अमृतराव पाटील."

मालक म्हणल्यावर तिला दुसरं कोण आठवणार. तोच मुकादम आठवला. त्याला पाटील तिनं करून टाकलं.

त्याच महिन्यात चारही खोल्या भरल्या. पार्वतीबाईनं दुसरीला सांगितलं, दुसरीनं तिसरीला. चौथ्या खोलीत गुरुबसप्पा म्हणून कोर्टातला एकटा माणूस आला. बाबासाहेबांचा फोटो मागच्या खोलीत गेला आणि ओसरीच्या खिळ्याला कंदील लागला. नाल्याकडं आपली जी दोन-चार घरं होती त्यांना मावशीनं हात जोडून सांगितलं, की कोणी काही बोलू नका.

मी त्या दिवशी जेवले नाही. म्हणलं, मावशे, लाज कशी वाटत नाही, स्वतःच्या घरात चाकर झालीस. ती म्हणाली, "पोटुशी बाई उन्हात उभी होती." मग जरा हसून म्हणाली, "आन भाडं तर माझ्याच हातात पडतंय ना? मालक काय जेवायला येत न्हाई."

आणि खरं सांगू का, हा मालक मोठ्या कामाचा निघाला. भाडं तटलं की मावशी सांगायची, मालक शनिवारी येणार हायत, लई तापट माणूस हाय. कोणी चुना लावून मागितला की मालकाला विचारते. भिंतीत खिळे ठोकलेले मालकाला खपत नाहीत. स्वतःच्या तोंडानं जे तिला कधी म्हणता आलं नसतं ते सगळं तो देवणीचा पाटील म्हणायचा, आणि लोक निमूट ऐकायचे. पार्वतीबाई म्हणायची, "तुमचे मालक फार कडक हो धोंडाबाई." मावशी म्हणायची, "लई. माझाच जीव खाऊन राहिले." दिवाळीला चारी खोल्यांतून मालकासाठी फराळाचे डबे यायचे. देवणीला पोचते करा म्हणून द्यायचे. आम्ही दोघी ते महिनाभर खायचो. चकल्या चांगल्या असायच्या पार्वतीबाईच्या.

हसतोस काय. पुढं ऐक.

मालकाला फराळ, तसं चाकराला उरलंसुरलं. शिळी भाकरी, विटलेली लुगडी. मावशी ते घ्यायची. न घेऊन करते काय, मालकाची माणूस होती ना ती. मग हळूहळू हापशावर आलं. आधी पार्वतीबाई गोडीत म्हणाली, "धोंडाबाई, तुमची घागर जरा बाजूला ठेवत जा. आमच्या सासूबाई येतात अधूनमधून, त्यांना आवडत नाही." मग सगळ्यांचं भरून झाल्यावर मावशीचा नंबर. मग मावशीनं दांड्याला हात लावायचा नाही, कोणीतरी हापसून देईल, तिनं खाली घागर धरायची. बोअर मारणाऱ्याला पैसे मोजले हिनं, आणि घागर धरून वाट बघत उभी हीच. मला मात्र कोणी बोलायचं नाही. पार्वतीबाईचं बाळंतपण मीच केलं होतं, आडवं आलेलं पोर माझ्या हातांनी सोडवलं होतं. जीवावर बेतल्यावर नर्सला जात कोणी विचारत नाही. मी रोज मुद्दाम सगळ्यांच्या आधी जाऊन दांडा दणदण हापसायची. त्यानं काय होणार होतं? माझे हात दुखायचे, एवढंच.

तरी मावशी त्या पोरावर जीव टाकायची. पार्वतीबाईही त्याला खुशाल तिच्या कडेवर द्यायची. पोर सांभाळायला चालते, पाणी हापसायला चालत नाही. असला हिशोब असतो ह्या लोकांचा, आणि त्यांना तो कधी चुकल्यासारखा वाटत नाही.

असं तीन-चार वर्षं चाललं आणि मग पावसानं डोळे वटारले. नळ आधी चार दिवसांनी, मग आठ दिवसांनी, मग बंदच. टँकर आला की भांडी, डोकी, दोन्ही फुटायची. आजूबाजूचे बोअर एकेक करून आटले. आमचा हापसा मात्र चालू राहिला. धार बारीक झाली, पण तुटली नाही. नाल्याच्या कडेला होता म्हणून. ज्या नाल्यासाठी बायांनी मावशीला येड्यात काढलं होतं, त्याच नाल्यानं पाणी धरून ठेवलं होतं.

आता पाण्याच्या वाटण्या सुरू झाल्या. प्रत्येक खोलीला ठरल्या घागरी. मागच्या खोलीला एकच. मग तीही डोळ्यात सलायला लागली. गुरुबसप्पा कोर्टातला, त्याला कायदा सुचला. म्हणाला, ही बाई भाडेकरू नाही. राखणदारणीला पाण्याचा हक्क कसला? मालकाला सांगून हिला आणि हिच्या नर्स भाचीला मागच्या खोलीतून काढू, तेवढंच पाणी वाचेल. हे तो ओसरीवर बसून, आम्हाला ऐकू जाईल असं बोलला. पार्वतीबाई तिथंच पोराला भरवत होती. ती काही बोलली नाही. काही बोलली नाही हे मी विसरले नाही.

रविवारी गुरुबसप्पा बसनं देवणीला गेला, अमृतराव पाटलाला भेटायला.

मावशी दिवसभर ओसरीवर बसून होती. मी म्हणलं, मावशे, आज आपलं पितळ उघडं पडणार. दुसरं काहीतरी सांगू, मालक मेले म्हणून सांगू. ती म्हणाली, "पडू दे उघडं. लई दिस झाकलं."

दिवेलागणीला तो आला. तोंड धुळीनं भरलेलं. जनावरांच्या बाजारापासून चावडीपर्यंत सगळ्यांना विचारलं म्हणाला, लातुरात घर असलेला अमृतराव पाटील देवणीत कोणी नाही आणि कधी नव्हता. चारी खोल्यांतली माणसं ओसरीवर गोळा झाली. गुरुबसप्पा म्हणाला, "मालकच नाही तर ही बाई इतकी वर्षं कोणाच्या हुकमानं भाडं घेऊन राहिली? उद्या हिला पोलिसात देऊ."

मावशी उठली. खिळ्याचा कंदील काढून खाली ठेवला. आत गेली, बाबासाहेबांचा फोटो आणला, पदरानं काच पुसली आणि खिळ्याला लावला. मग अंगणात उतरली, हापशाच्या दांड्याला दोन्ही हात घातले आणि आपली घागर काठोकाठ भरली. सगळे बघत होते. घागर डोक्यावर घेऊन म्हणाली, "मालक मी हाय. रजिस्ट्री माझ्या नावची हाय, कोर्टातल्या मानसानं वाचून बघावी. पानी माझं हाय. ज्याला ऱ्हायचं त्यानं ऱ्हावा, ज्याला जायाचं त्यानं जावा."

कोणी गेलं नाही. जाणार कुठं? साऱ्या गावात पाणी नव्हतं.

माझ्या सगळ्या आयुष्यात मला इतका आनंद कधी झाला नव्हता. मला वाटलं, आता बरं झालं, आता ही बाई मान वर करून जगेल. आणि थोडे दिवस जगलीही.

दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांच्या जिभा गोड झाल्या. धोंडाबाईची आक्का झाली. पार्वतीबाई मागच्या खोलीत आली, चुलीपाशी बसली, आमच्या कपातला चहा प्याली. "आक्का, आम्हाला काय ठाऊक हो," म्हणाली आणि डोळ्याला पदर लावला. तिचं पोर मावशीला आज्जी म्हणायला लागलं. गुरुबसप्पा कोर्टात जाताना फोटोपुढं हात जोडून जायचा. आणि मावशी विरघळली. खरंच विरघळली. टँकरवाला तिच्याकडं आला होता, बोअरचं पाणी मला दे, म्हणशील तो भाव देतो म्हणाला. तिनं त्याला हाकलून लावलं. "माझ्या घरात मानसं हायत," म्हणाली. उन्हाळा वाढला, धार अजून बारीक झाली, तेव्हा तिनं आपली घागर अर्धी केली आणि उरलेली पार्वतीबाईच्या पोराला न्हाऊ घालायला दिली.

मी म्हणलं, मावशे, हे पाण्याचं प्रेम आहे. नळ आले की बघ.

ती माझ्यावर कधी चिडायची नाही. त्या दिवशी चिडली. म्हणाली, "तुला मानसाचं चांगलं बघवतच न्हाई, चांगुणे." लागलं मला ते. अजून लागतं. कारण तिच्या डोळ्यांत मी वाईट झाले आणि ती माणसं चांगली झाली.

पुढच्या वर्षी पाऊसपाणी बरं झालं. नळ आले. सगळ्या गावानं सुस्कारा टाकला. पहिला गुरुबसप्पा गेला. कोर्ट लांब पडतं म्हणाला. कोर्ट काय त्या वर्षी सरकून पुढं गेलं होतं? मग मधल्या दोन खोल्या गेल्या. एकीला म्हणे पत्र्याचं ऊन सोसत नव्हतं, इतकी वर्षं सोसून झाल्यावर. पार्वतीबाई सगळ्यात शेवटी गेली. गेली ती रडत गेली, गळ्यात पडून, आणि ते रडणं खोटं नव्हतं, मी माणसांची रडणी पुष्कळ बघितलीत. पण गाडीवर सामान चढवताना तिचा हात थांबला नाही. नवी खोली लहान होती, भाडं जास्त होतं आणि हापसा नव्हता. सासूबाईंना इथं बरं वाटत नाही, एवढंच म्हणाली.

मावशी म्हणायची, "बाकीचे असतील. पार्वती तशी न्हाई." पोराच्या वाढदिवसाला तिनं बाजारातून एक सदरा आणला आणि मला म्हणाली, चल, देऊन येऊ. मी नको म्हणत होते. ऐकते कशाची.

पार्वतीबाई दारातच बसली होती, शेजारच्या बाईबरोबर शेंगा फोडत. पोर आम्हाला बघून आज्जी म्हणत पळत आलं. पार्वतीबाईनं त्याचा दंड धरून मागं ओढलं, अगदी हसत हसत. शेजारणीनं विचारलं, "कोण हो ह्या?"

पार्वतीबाई म्हणाली, "आमच्या जुन्या घरमालकांकडं कामाला होत्या. देवणीचे अमृतराव पाटील होते ना."

तिची जीभ कुठं अडखळली नाही. चहा आला. मला कपात आला, कारण मी नोकरदार होते, गणवेशात होते. मावशीला खिडकीतल्या वेगळ्या ग्लासात आला. मावशी प्याली. पिऊन झाल्यावर तिनं स्वतःच ग्लास विसळला आणि खिडकीत पालथा ठेवला. सदरा उंबऱ्यावर ठेवून आम्ही निघालो.

वाटभर मी भांडत होते, तिच्याशी, पार्वतीबाईशी, येणाऱ्याजाणाऱ्याशी. मावशी नाल्यापाशी आल्यावर म्हणाली, "तिनं त्याचं नाव ध्यानात ठेवलं बघ."

पुढच्या आठवड्यात कृषी खात्यातला एक कारकून बायकोला घेऊन खोली बघायला आला. बायको देगलूरकडची, रत्नम्मा तिचं नाव. मी आत भांडी लावत होते. त्या माणसानं विचारलं, "मालक कुठं असतात?"

मी बाहेर डोकावून बघितलं. ओसरीच्या खिळ्याला कंदील होता. फोटो तिनं सकाळीच आत नेला असावा, मला कळूही दिलं नव्हतं. हातात झाडू धरून, त्या माणसाच्या तोंडाकडं न बघता मावशी म्हणाली, "मालक देवणीला असतेत."

खोल्या भरल्या. मी बदली मागून भोकरला गेले. ते घर मला बघवत नव्हतं. सणावाराला यायची, चार दिवस राहायची, तिच्या हातचं खायची. नव्या भाडेकरूंत कोणाला काय ठाऊक होतं, मला सांगता येणार नाही. गल्लीत एवढं सगळं झालेलं, कोणाच्या तरी कानावर गेलंच असेल. पण पाटलाच्या घरात राहतो म्हणायला त्यांना बरं वाटायचं आणि मावशीला रिकाम्या खोल्यांची भीती वाटायची. दोघांनाही तो पाटील हवा होता. मी एकदा म्हणलं, मावशे, तो फोटो एकदा तरी बाहेर लाव. म्हणाली, "मी हाय तवर ऱ्हाऊ दे. माझ्यामागं तू लाव."

एक्क्याण्णव साली ती गेली. दोन दिवसांचा ताप, दवाखान्यात यायला तयार नाही. शेवटी मी पाणी पाजलं, हापशाचंच. आपली माणसं आली, वंदना झाली, मातीला भाडेकरूही आले, पुरुष माणसं शेवटपर्यंत थांबली. वाईट होती असं मी म्हणणार नाही. चांगलीच माणसं होती, तीच तर सगळी पंचाईत आहे.

दुसऱ्या दिवशी मी मागची खोली झाडत होते. पहिल्या खोलीतली रत्नम्मा दारात आली. हातात चहाचा तांब्या. खाली ठेवला आणि म्हणाली, "लई इमानदार बाई होती हो. इतकी वर्षं एकटीनं सगळं सांभाळलं, मालकाच्या पैशाला कधी हात लावला न्हाई." मग विचारलं, "मालकाला कळवलं का?"

मी म्हणलं, "मालक कोणी नाहीत. मालकीण होत्या, त्या वारल्या."

"अगं बाई. कधी?"

"काल."

रत्नम्मानं पदर तोंडाला लावला. "म्हणजे धोंडाबाईच्याच दिवशी? दोघी एकदमच गेल्या की." थोडा वेळ हळहळली. मग तिचं खरं काम निघालं. "मग आता भाडं कोणाकडं द्यायचं?"

"माझ्याकडं," मी म्हणलं. "धोंडाबाई माझी मावशी होती. घर तिचंच होतं."

झाडू ठेवला, भिंतीवरचा फोटो काढला, काच पुसली आणि ओसरीवर जाऊन कंदिलाच्या जागी लावला. रत्नम्मा माझ्या मागं मागं आली. तिनं फोटो बघितला, मला बघितलं, माझ्या हाताकडं बघितलं. स्वतःच्या खोलीच्या दारात, चार वर्षं जिथं ती रांधत होती त्या दारात ती उभी होती, आत नवरा जेवत बसला होता.

मला म्हणाली, "घरी विचारून सांगते."